बांधावरचा मुकादम

तुमसरला पोहोचलो तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो. मॉर्मन या ख्रिस्ती पंथातली तरुण मुले दोन वर्षे घर सोडून धर्मसेवेला जातात. कोणत्या गावी आणि कोणाबरोबर, हे वरून ठरते. मी पुण्याचा, माझे हे पहिलेच गाव. माझा सोबती दोन वर्षांनी मोठा, तेलुगू मुलखातला, या कामात दीड वर्ष मुरलेला. आमच्यात हिंदी चालायची. नियम बरेच होते, पण रोजच्या जगण्याला भिडणारे तीन: चहा प्यायचा नाही, रविवारी काम करायचे नाही आणि दोघांनी एकमेकांच्या नजरेआड जायचे नाही.

बाजारामागच्या गल्लीत दोन खोल्या मिळाल्या. घरमालक काका राइस मिलमध्ये कामाला होते. बपेऱ्याच्या वाटेवर त्यांच्या धानाच्या चार बांध्या, म्हणजे बांध घातलेली खाचरे, होती. पहिल्याच दिवशी काकूंनी चहा आणला आणि आम्ही नको म्हटले. त्यांनी कारण विचारले नाही, कप तसेच आत नेले. खोली देताना काका 'महिनाभर पाहू' एवढेच बोलले होते. त्या कपांनंतर तो महिना मला फार लहान वाटू लागला.

आम्ही कोण, हे गल्लीने परस्पर ठरवून टाकले. पांढरा सदरा, टाय, खांद्याला पिशवी, कायम जोडीने फिरणारे: म्हणजे औषध कंपनीचे एमआर. एका म्हातारीने ओट्यावर बसल्या बसल्या गुडघा पुढे केला आणि यावर कोणती गोळी आणली ते विचारले. गोळ्या नाहीत म्हटल्यावर ती म्हणाली, "मंग टाय कायले बांधता?"

बोलावल्याशिवाय कोणाच्या दारात जायचे नाही, अशी आम्हाला ताकीद होती, आणि बोलावणारी कुटुंबे तीनच होती. त्यांची रविवारची सभा आमच्या बाहेरच्या खोलीत भरे. बाकी आठवडा रिकामा आणि लांब. आता आठवतो तो हाच लांब आठवडा: मिलकडून येणारा कोंड्याचा वास, दोरीवर वाळणारे आमचे एकसारखे सदरे, भिंतीपलीकडे काकूंच्या घरातली भांडी.

तिसऱ्या आठवड्यात रोवणी आली. धान आधी एका तुकड्यात दाट पेरतात. त्याची कोवळी रोपे, म्हणजे पऱ्हे, उपटून पेंढ्या बांधतात आणि चिखल केलेल्या बांध्यांत पुन्हा रोवतात. त्या शनिवारी पऱ्हे उपटायला ठरलेले मजूर आले नाहीत. काका मिलमध्ये होते. काकू एकट्याच निघालेल्या पाहून आम्ही येऊ का, असे विचारले. त्यांनी आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि चला म्हणाल्या.

शेतात त्यांनी उपटायचे कसे, पेंढी बांधायची कशी ते दाखवले. तुकड्याच्या मधोमध एक काडी रोवली, इथपर्यंतच उपटा म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशीच्या बाया पक्क्या करायला गावात गेल्या. आम्ही काडीपर्यंत तीन वाजताच पोहोचलो. उरलेलेही करून टाकू, काकूंना आनंद होईल, ही कल्पना माझी. सोबत्याने विरोध केला नाही, एवढाच त्याचा वाटा.

काकू परतल्या तेव्हा तुकडा मोकळा झाला होता आणि पेंढ्यांची रास पाण्यात उभी होती. त्या बांधावर बसल्या.

"काडी कायले रोवली होती मी?"

मग त्यांनी आवाज न चढवता समजावले. बाया आठच मिळाल्या होत्या, त्याही फक्त आइतवारी. सोमवारपासून त्या दुसऱ्याकडे जाणार होत्या. आठ बाया एका दिवसात दोनच बांध्या रोवतात. "उपटलेलं पऱ्हं एक रात दम धरते, बाबू. दुसऱ्या रातीले पिवळं पडते." म्हणजे आमच्या उत्साहाने त्यांचे निम्मे धान धोक्यात आले होते. संध्याकाळी काकांना कळले. ते "पोरं हायत" एवढेच म्हणाले. रागावले असते तर बरे वाटले असते.

पहाटे मी सोबत्याला सांगितले की सभा झाली की मी शेतात जाणार. तो म्हणाला, आज रविवार. शिवाय महिन्याचा पहिला, म्हणजे आमचा उपास. मी म्हणालो, एकटा जातो. तो म्हणाला, एकट्याला जाता येत नाही. दोन्ही नियम त्याला पाठ होते आणि दोन्ही त्याने मनापासून पाळले होते. त्याने सभा सातला घेतली, आठला संपवली, सायकल बाहेर काढली आणि छत्री हँडलला अडकवली.

मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरलो. तो टाय, बूट आणि छत्रीसह बांधावर बसला, मी दिसेन अशा जागी. संध्याकाळपर्यंत त्याने एकाही पेंढीला हात लावला नाही.

बायांना एवढे पुरेसे होते. त्यांनी त्याचे नाव मुकादम ठेवले. "मुकादम, छत्री इकडं धरा, आमीबी माणसंच हावोत." तो उठून खरेच छत्री घेऊन त्यांच्या बाजूच्या बांधावर गेला, तेव्हा काम थांबण्याइतके हसू झाले. मलाही सोडले नाही. रोवणी बायांचे काम. पुरुष पेंढ्या वाहतात. माझी ओळ पाहून एकीने विचारले, "काहून बाबू, साप गेला का इथून?" काकांनी मिलमध्ये सुट्टी टाकली होती. ते माझ्या शेजारी वाकून रोवू लागले. मग त्यांच्या ओळीलाही नावे ठेवणे सुरू झाले.

दुपारी काकूंनी भात आणि वांग्याची भाजी आणली. आम्ही दोघांनीही नको म्हटले. त्यांचा हात थांबला.

"आता जेवणबी चालत नाही का आमचं?"

बांधावरून सोबती त्याच्या मोडक्या मराठीत म्हणाला, "काकू, उपास आहे. पाणीपण नाही."

काकू त्याच्याकडे वळल्या. "मंग चहाचाबी तसाच नेम हाय का?" तो हो म्हणाला. "आंधी सांगायचं ना, बापा," त्या म्हणाल्या आणि ताटे झाकून ठेवली. पुढे मी तहान न सोसवून पाणी प्यायलो. तो प्यायला नाही.

काकूही रोवायला उतरल्या, बाया सुटीची वेळ झाली तरी थांबल्या आणि अंधार पडेपर्यंत साडेतीन बांध्या झाल्या. उरलेल्या पेंढ्या शेजारच्या शेतकऱ्याने नेल्या. त्याचे पऱ्हे कमी पडले होते. घरी आल्यावर काकूंनी तांदळाची पेज आणली, दोन वाट्या. त्या घरातून चहा पुन्हा आला नाही. पेज येत राहिली.

सोमवारी आठवड्याचा अहवाल पाठवायचा असे. तो सोबती लिहायचा. पाठवण्याआधी त्याने तो मला वाचायला दिला. त्यात एक ओळ होती: 'रविवारी घरमालकांच्या शेतात रोवणीचे काम केले. दोघांनी.' वार त्याने लपवला नव्हता. पुढे वृत्तपत्रात इतरांच्या बातम्यांतली चूक शोधणे हेच माझे काम झाले. त्या ओळीत एक उघड चूक होती. मी ती त्याला दाखवली नाही.

वरून उत्तर आले. रविवारबद्दल त्यात काही नव्हते; धान जगले का, एवढे विचारले होते. आम्हालाही ते माहीत नव्हते. रोवल्यावर पऱ्हे काही दिवस पडूनच असते. सातव्या दिवशी काका आम्हाला सायकलींवर घेऊन गेले. खाली वाकून त्यांनी एक रोप हलकेच ओढून पाहिले. ते निघाले नाही.

"धरलं," ते म्हणाले.

सोबती बांधावर उभा होता. माझ्या ओळी त्याने नीट न्याहाळल्या आणि त्या वाकड्या असल्याचे सांगितले. महिना संपला त्या दिवशी काका खोलीबद्दल काही बोलले नाहीत.