पाहुण्यांपुरती जाळी

उजवा हात पत्रा कापणाऱ्या प्रेसमध्ये गेल्यापासून कारखान्यात सगळे त्यांना 'डावखुरे' म्हणू लागले. जणू आडनावच! प्रेसपुढची हात वाचवणारी जाळी काढली की नग भराभर निघतात, म्हणून ती एरवी भिंतीला टेकलेली असायची. तपासणीला पाहुणे आले की तेवढ्यापुरती जागेवर, उसन्या कोटासारखी. डावखुऱ्यांचा हात गेला त्या दिवशी पाहुणे नव्हते.

मग त्यांना फाटकावर बसवलं. बायको आधीच गेलेली, मुलगी लांब सासरी. दिवसभर बोलणं काय ते ट्रक ड्रायव्हरांशी, तेही हॉर्नच्या भाषेत.

यंदा कंपनीला समाजसेवेची उबळ आली. कृत्रिम हातापायांचं मोफत शिबिर! पहिला हात अर्थात घरच्या माणसाला. मॅनेजर स्वतः फाटकावर आले.

"काका, स्टेजवर फक्त आभार मानायचे बरं का."

"बरं साहेब."

मुलगीही फोनवर म्हणाली, "बाबा, भलतंसलतं बोलू नका हं."

"अगं, मी बोलतो कुणाशी?"

कार्यक्रम कारखान्यातच होता. जाळ्या पुसून बसवलेल्या. स्टेजवरून डावखुऱ्यांना त्यांचा जुना प्रेस दिसला आणि त्यावरचा नवा, हसरा गडीही. त्याचे हात बघून त्यांचं भाषण घसरलं.

"हात छान आहे. उपकार झाले. पण जाळी उद्याही राहू द्या. पुढच्या शिबिराला आपलंच गिऱ्हाईक नको."

पाहुण्यांनी मॅनेजरकडे बघितलं. "म्हणजे? रोज नसते?"

"छे छे, रोजच असते की!" मॅनेजर म्हणाले. पत्रकारांसमोर म्हणाले, म्हणून फसले.

जाळी राहिली. नग घटले. मजुरी नगावर, तीही घटली. "तुमच्याच माणसाची मागणी होती," मॅनेजरांनी हात झटकले.

"स्वतःला हात मिळवला आणि आमच्या पोटावर पाय दिला!" तो हसरा गडीच बोलला.

जेवणाच्या सुट्टीत डावखुरे बाकावर बसले की बाक रिकामा होई. नव्या हाताला घास धरता येत नसे. ते तो काढून शेजारी ठेवत आणि डाव्या हाताने जेवत.

संध्याकाळी ते फाटक उघडून उभे राहिले. माणसं डबे हलवत बाहेर पडली. ते प्रत्येकाचे हात बघत होते. सगळ्यांचे दोन्ही शाबूत होते.

निरोपाला एकही हलला नाही.