आंबूस

"ओंजळ कर," मालक म्हणाले.

मी केली. त्यांनी हातभर उंचीवरून सरबत ओतलं. बाकीचे काचेच्या पेल्यांतून पीत होते. अस्पृश्यता कायद्यानं गेल्याचं वर्तमानपत्रात केव्हाच छापून आलं होतं. चिंचवड स्टेशनजवळच्या त्या सरबताच्या कारखान्यात मी भट्टी पेटवायचो, पेट्या उचलायचो. पेल्याला हात लावायचा नाही.

नव्या सरबतात फळ नव्हतंच. मुंबईहून आलेला अर्क, साखर, रंग. लेबलवर फळाच्या चवीसाठी एक शब्द हवा होता.

"रसाळ," कारकून म्हणाले. "मूळ संस्कृत रसाल. रसानं भरलेलं. आंब्यालाही तेच नाव."

मालक खूश झाले. मग गंमत म्हणून माझ्याकडे वळले. "तुमच्यात काय म्हणतात रे असल्या चवीला?"

मी खरं तेच सांगितलं. "आंबूस."

सगळे खो खो हसले. "अरे, आंबूस म्हणजे नासकं! जन्मात फळ खाल्लंस का?"

खाल्लं होतं. पाटलाच्या झाडांचे आंबे उतरवून झाले की आई बांधावर पडलेले वेचायची. फुटलेले, मुंग्या लागलेले. त्यातले बरे पुन्हा पाटलाच्या वाड्यावर जायचे. उरलेले आमच्याकडे. एक बाजू कापून टाकायची, दुसरी चोखायची. फळाची चव आम्हाला तीच माहीत. कारकुनांच्या शब्दाचं मूळ कोशात होतं. माझ्या शब्दाचं त्या बांधावर.

मीही त्यांच्याबरोबर हसलो.

तेव्हापासून माझं नाव आंबूस. "ए आंबूस, कोळसा टाक." मी ओ द्यायचो. दमलेला माणूस कशालाही ओ देतो.

एका दुपारी माझी मुलगी हिरा भाकरी घेऊन आली. सात-आठ वर्षांची. मालक खुशीत होते.

"आंबूसची पोर का गं तू? ये, रसाळ पी."

टेबलावर धुतलेले पेले पालथे होते. त्यांनी तांब्या उचलला. आणि कुणी काही सांगायच्या आत हिरानं खाली वाकून ओंजळ पुढे केली. कोपरं अंगाशी, बोटं घट्ट. अगदी माझ्यासारखी.

तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. तिनं मला पाहिलं होतं.

मी तिची मनगटं धरली आणि हात सोडवले. मालकांनी ओतायला घेतलेलं सरबत फरशीवर सांडलं.

"मालक, पेल्यात द्या. न्हाईतर नगं."

"काय रे आंबूस, माज आला?"

"मला नाव हाय. मस्टरवर लिवलंय."

"मस्टरवरनं खोडायला कितीसा वेळ लागतो?"

वेळ लागला नाही.

रुळांच्या कडेनं घरी येताना हिरानं विचारलं, "आबा, कसं लागतं वो त्ये?"

माझ्याकडे एकच शब्द होता, आणि तो मला तिच्या तोंडात घालायचा नव्हता.

आता पिंपरीला एका बांधकामावर विटा वाहतो. तिथंही पाणी वरूनच ओततात. मी वाकत नाही. तहान धरून उभा राहतो, संध्याकाळी घरी जाऊन पितो. अंग मोडून येतं, पण हे हात पुन्हा कुणाच्या तांब्याखाली जुळणार नाहीत. हिराचेही नाहीत. फळाची चव तिची ती सांगेल. पेल्यातून पिऊन.