चाड्यावरची मूठ

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार आहेत ते माझ्या थोरल्या भावाचे. मी त्यांना दादा म्हणत असे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाळेची पायरी चढलं नव्हतं, आणि पदवी म्हणजे काय हे गावातही कुणाला सांगता आलं नसतं. मी लहान असतानाच वडील गेले. त्यानंतर एक दिवस दादांनी मला समोर बसवून सांगितलं, "आपल्यातल्या एकानं रान बघायचं अन् एकानं कागद. रान म्या बघतो." तेवढ्या बोलण्यात आमच्या आयुष्याची वाटणी झाली. मी जालन्याच्या शाळेत गेलो, पुढे हैदराबादच्या कॉलेजात गेलो, आणि दादा तिफणीमागे राहिले. हे ऋण मी मानतो. पण ज्या वाटणीनं मला कागद मिळाला तिनंच माझ्या हातून रान काढून घेतलं, आणि ते ज्याच्या हातात जाऊ लागलं त्या माणसाचा मी पुष्कळ वर्षं मत्सर केला.

आमचं गाव मंठ्याच्या बाजूला. शेत दोन तुकड्यांत होतं. माळाकडचं रान हलकं, मुरमाड. ते पाणी धरून ठेवत नसे, म्हणून पाऊस पडला की तिथं लगेच पेरावं लागे. बाजरी, मूग, उडीद, थोडा तीळ, आणि माती जरा खोल होती तिथं कापूस अन् त्यात तुरीच्या ओळी. हा खरीप. नदीकडचं रान काळंभोर आणि खोल. ते सगळा पावसाळा मोकळं ठेवायचं. गवत उगवलं की वखर फिरवायचा, पुन्हा पाऊस, पुन्हा वखर. पावसाळाभर ते नुसतं पाणी पीत पडायचं. मग परतीच्या पावसानंतर, हस्त नक्षत्राच्या सुमारास, त्यात शाळू, म्हणजे थंडीतली ज्वारी, पेरायची. मधून मधून करडईची एक ओळ, आणि चारी बाजूंनी करडईचंच कुंपण, म्हणजे काट्यांमुळे गुरं आत शिरत नाहीत. त्यानंतर वरून थेंब पडला नाही तरी ते पीक मुरलेल्या ओलीवर आणि थंडीवर उभं राहायचं. ही रब्बी.

शाळा उघडे ती मृगाच्या तोंडावर. माळावर तिफण चाले तेव्हा मी जालन्यात उर्दूतून भूगोल पाठ करत असे. मूग तोडायला मी नसे, बाजरी कापायला मी नसे. पण दसऱ्याची सुट्टी लागे तेव्हा नदीकडच्या रानाला वाफसा आलेला असे, म्हणजे ढेकूळ हातात धरलं तर चिकटू नये आणि दाबलं तर फुटावं इतकीच ओल. त्यामुळे खरीप माझा नव्हता, पण रब्बीचा पेरा माझा होता. दादा बैल हाकत आणि मी मागून चालत चाड्यावर मूठ धरत असे. चाडं म्हणजे तिफणीवरचा लाकडी वाडगा. त्याच्या भोकांतून बी नळ्यांत उतरतं आणि तीन ओळींत पडतं. ओटीतलं बी मुठीत घ्यायचं आणि बोटांतून एकसारखं सोडत राहायचं. मूठ सैल पडली तर पीक दाट, आवळली तर विरळ. उगवण झाली की सगळं गाव बांधावरून बघून सांगतं, कुणाची मूठ कशी आहे. माझी मूठ बरी होती. दादांनी माझ्या हातावर हात ठेवून ती शिकवली होती. ते काळं रान पावसाळाभर रिकामं राहतं ते मी यावं म्हणूनच, असं मला खरोखर वाटत असे.

वहिनींचा धाकटा भाऊ आमच्याकडे आला तेव्हा मी सातवीत होतो. पटकीच्या साथीत त्यांचं माहेर रिकामं झालं आणि तो एकटा उरला. माझ्याहून थोडा मोठा. गाव त्याला पाव्हणा म्हणू लागलं, आणि तो परत जाणार नाही हे कळल्यावरही तेच नाव राहिलं. मला तो मास्तर म्हणे.

पाव्हण्यानं आल्या आल्या माझा न झालेला खरीप घेतला. त्याबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. पण खरिपाबरोबर त्याला दादाही मिळाले, हे मला पहिल्याच सुट्टीत कळलं. जेवताना तो म्हणाला, "दाजी, मघा नक्षत्राच्या पावसात तांबडा बैल कसा बसला हुता?"

"बसला? तुझ्या मांडीवरच बसत हुता की," दादा म्हणाले, आणि दोघं हसू लागले.

"काय झालं होतं?" मी विचारलं.

"काही न्हाई रे. तू नव्हतास," दादा म्हणाले.

मीही काहीतरी सांगावं म्हणून सांगितलं, की आमच्या मौलवीसाहेबांनी शिकवलंय, रबी हा अरबी शब्द आहे आणि त्याचा अर्थ वसंत. दादा कौतुकानं ऐकत होते. पाव्हणा घास थांबवून म्हणाला, "मंग मास्तर, आपण थंडीच्या तोंडाला पेरून राह्यलो ते बिलकुल चुकलं म्हणा." दादांना ठसका लागेपर्यंत हसू आलं. काढणी वसंतात होते म्हणून ते नाव, असं मी सांगितलं, पण तोवर कुणी ऐकत नव्हतं.

जेवायला मला पाट असे. वहिनी भाकरीवर तूप वाढत, आणखी घ्या म्हणून आग्रह करत. पाव्हणा दादांच्या शेजारी जमिनीवर बसे आणि दुरडीत हात घालून भाकर उचली. त्याला कुणी आग्रह करत नसे. आग्रह कुणाला करतात हे मला कळत होतं, आणि ते तूप मला गोड लागत नसे.

थंडीत कापसाच्या गाड्या जालन्याच्या अडतीवर येत. वहिनी नदीकडच्या शाळूचा हुरडा भाजून, फडक्यात बांधून पाठवत, आणि गाडीवर पाव्हणाच असे. एकदा आमच्या बोर्डिंगच्या ओट्यावर माझ्या वर्गातल्या एकानं त्याला विचारलं, "तुम्ही याचे कोण?"

"मी व्हय? थोरला भाऊ," पाव्हणा खुशाल म्हणाला, आणि गाठोडं माझ्या हातात देऊन पुढे म्हणाला, "खा मास्तर. तुमच्याच मुठीचा हाये." तो हुरडा मी सगळा वाटून टाकला.

तरीही रब्बीचा पेरा माझा आहे, एवढ्यावर माझं भागत होतं. नववीत असताना तेही गेलं.

दसरा चालतो चंद्राच्या महिन्यावर आणि पेरा चालतो सूर्याच्या नक्षत्रावर. एरवी दोन्ही जवळ जवळ येतात, म्हणून मला ते एकच वाटत होतं. त्या वर्षी अधिक महिना आला. दसरा लांबला, त्याच्याबरोबर आमची सुट्टी लांबली. हस्त मात्र आपल्या वेळेला लागला आणि निघून गेला. भूगोलात मी पहिला होतो, आणि हे माझ्या ध्यानात आलं नाही.

परतूरच्या स्टेशनावर उतरून मी चालत आलो. घरी न जाता आधी नदीकडे वळलो. बांधावर चढलो तर रान हिरवं होतं. शाळू बोटभर वर आला होता. मी ओळींतून वाकून चालू लागलो. कुठं खंड सापडतो का, कुठं झुपका पडलाय का, ते मी शोधत होतो. पार पलीकडच्या बांधापर्यंत गेलो. एक जरी चूक दिसली असती तर मला बरं वाटलं असतं. ओळी ताणलेल्या दोरीसारख्या होत्या, आणि करडई जिथं हवी तिथं बरोबर उगवली होती.

घरी दादा ओसरीवर दावं वळत बसले होते. मी पाया पडलो आणि विचारलं, "दादा, पेरलं?"

"हस्तात पेरलं."

"मी येणार होतो."

"अधिक आल्ता ना यंदा. तुझा दसरा गेला पुढं. वाफसा मोडला असता, मंग तुला घेऊन काय करायचं हुतं?"

"चाड्यावर कोण होतं?"

दादांनी दाव्याचा पीळ घट्ट केला. "कोण असनार," म्हणाले.

तेवढ्यात गोठ्यातून पाव्हण्याचा आवाज आला, "दादा, तांबड्याला पानी पाजलं का?"

दादा, म्हणाला तो. दाजी नाही. आणि दादांनी मान वर न करता उत्तर दिलं, "पाजलं." म्हणजे हे आज सुरू झालेलं नव्हतं. मी घरात नसताना कधीतरी झालं होतं आणि घरातल्या सगळ्यांना त्याची सवयही झाली होती. वहिनी चुलीपाशी होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "भावजी, हातपाय धुवा." मी हातपाय धुतले.

दुसऱ्या दिवशी दादा म्हणाले, "खालचा तुकडा अजून वल्ला हाये. चित्रात हरभरा टाकू त्यात. मूठ तू धर."

"माझ्यासाठी ठेवला?"

"पानी हटलं न्हाई म्हणून राह्यला," दादा म्हणाले. त्यांना खोटं बोलता येत नसे.

वाफसा आल्यावर आम्ही तो तुकडा पेरला. पाव्हणा बांधावर उभा होता. वर्षभर लेखणी धरलेली माझी बोटं हरभऱ्याच्या मोठ्या दाण्याला जुळेनात. थोड्या वेळानं तो म्हणाला, "मास्तर, मूठ सैल सुटून राह्यली."

"मला कळतंय," मी म्हणालो. कळत होतं, पण आवळता येत नव्हतं, आणि त्यानं सांगितल्यावर तर मी मुळीच आवळली नाही.

उगवण बघायला मी थांबलो नव्हतो. ती बातमी थंडीत पाव्हण्यानंच आणली. गाडीचे बैल सोडून तो ओट्यावर टेकला आणि म्हणाला, "हरभरा दाट आला तुमचा. नुसता पाला माजलाय."

"दादा काय म्हणाले?"

त्यानं पागोटं काढून मांडीवर घेतलं. मग म्हणाला, "ते काय म्हणतेत? सगळा शाळू म्या पेरला. एक खंड दाखवा म्हणावं. अन् बांधावर मानूस आला की ह्यांचं बोट खालच्या तुकड्याकडं. 'त्यो माझ्या भावानं पेरलाय, जालन्याला शिकतोय.' शाळू कुणी पेरला, कुणी पुसत न्हाई, अन् हे सांगत न्हाईत." त्यानं पागोट्यानं तोंड पुसलं. "असू द्या. तुमचं नशीब."

त्याला इतकं कडू बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. मला त्याची कीव यायला हवी होती. पण मी तो सगळा आठवडा खुशीत होतो, आणि गणिताच्या तासालाही ते बोट मला खालच्या तुकड्याकडे वळलेलं दिसत होतं.

पुढे मी पदवी घेतली. हैदराबादलाच एका दफ्तरात नोकरी लागली. दसऱ्याला जाणं कधी जमे, कधी न जमे. मग एका उन्हाळ्यात दादांचं पत्र आलं. गावातल्या मारवाडी शेटजींनी ते लिहून दिलं होतं. गावाची सगळी पत्रं तेच लिहीत, आणि आलेली पत्रं दुकानाच्या फळीवर बसून मोठ्यानं वाचून दाखवत. दादांचे गुडघे आता चिखलात चालू देत नव्हते. पाव्हण्याचं लग्न ठरलं होतं. नदीकडचं रान त्याला कायमचं बटईनं द्यावं, निम्मं पीक त्याचं, असं दादांच्या मनात होतं. पण रान दोघा भावांच्या नावावर. "तू न्हाई म्हटलास तर देणार न्हाई," असं शेवटी होतं. मला ठाऊक होतं, की मी नाही म्हटलं तर ते खरंच देणार नाहीत आणि मला का म्हणून विचारणारही नाहीत.

मी त्यांना पुढील पत्र पाठवलं.

"दादा, पाया पडतो. तुमचं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला तो कामामुळे नाही. हो म्हणायला माझं मन तयार होत नव्हतं.

हे पत्र शेटजी वाचतील आणि पाव्हणा फळीखाली उभा राहून ऐकत असेल. ऐकू द्या. मला इथं पगार आहे, डोक्यावर पंखा आहे, लोक मला साहेब म्हणतात. हे सगळं तुम्ही दिलंत, आणि त्यातलं काहीही त्याला मिळालं नाही. तरी सकाळी उठून तो तुमच्याबरोबर रानात जातो आणि मी जात नाही, हे मला अजून सोसत नाही. तो तुम्हाला दादा म्हणतो तेही सोसत नाही. शिकल्यानं हे जाईल असं वाटलं होतं. गेलं नाही.

पण त्याचा शाळू मी ओळीओळीनं वाकून बघितलाय. असं रान दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला मला कारण सापडत नाही. म्हणून त्याला द्या. पटवाऱ्यापुढे माझी सही लागली तर मी येऊन करीन. माझ्या वाट्याचं धान्य तुम्ही आणि वहिनींनी घरात वापरा.

गुडघ्यांना करंजीचं तेल लावा आणि चिखलात जाऊ नका. वहिनींना नमस्कार.

एक गोष्ट त्याला सांगा. पहिल्याच वर्षी सगळ्या रानात शाळू घालू नये. वरच्या अंगाला हरभरा घ्यावा, म्हणजे पुढच्या साली त्या जागेवर शाळू जोरात येईल. हरभऱ्याचा बेवड चांगला असतो. हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं, ते मला माहीत आहे. तरी मी सांगितलंय म्हणून सांगा."