चिंच, स्कूटर आणि आमचं निसर्ग मंडळ

आमच्या कल्याणच्या कॉलेजात एखादं चांगलं काम हातात घ्यावं, तर काम राहतं बाजूला आणि किस्सा तयार होतो. नव्वदच्या आसपास मी तिथे अर्थशास्त्र शिकवायचो. त्यात एक वर्ष मी निसर्ग मंडळाचा प्रमुख होतो. त्या एका वर्षात एवढे किस्से जमले की आजही जुने सहकारी भेटले की चहा येईपर्यंत माझीच खेचतात. खेचू देत. त्यांच्याआधी मीच सांगून टाकतो, म्हणजे निदान माझी बाजू जरा बरी दिसेल.

*

प्रमुख झालो कसा? तर स्टाफ मीटिंगला नव्हतो म्हणून. बायकोबरोबर टिटवाळ्याला गणपतीला गेलेलो. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं.

"अभिनंदन, कर्णिक. कॅम्पस हिरवा करायचाय. तुमचं नाव एकमताने ठरलं."

"पण सर, मी नव्हतोच मीटिंगला."

"म्हणून तर एकमत झालं."

मग मुद्द्यावर आले. गेटपाशी आमची जुनी चिंच होती, चांगली ऐसपैस. ती पाडून तिथे स्कूटर स्टँड करायचं सरांच्या मनात होतं. त्यांची नवी स्कूटर उन्हात तापायची, आणि चिंचेखाली लावली तर कावळे सीट खराब करायचे. मला मात्र त्या झाडाचा फार लळा. नोकरीच्या इंटरव्ह्यूला आलेलो तेव्हा तिच्याच खाली नंबर यायची वाट बघत बसलेलो. मी जरा जोर लावून नको म्हटलं.

सर म्हणाले, "बरं. वर्षभरात तुमचं मंडळ काहीतरी करून दाखवू दे. मग संस्थेच्या अध्यक्षांपुढे विषय ठेवू. ते म्हणतील ते."

म्हणजे चिंचेचं भवितव्य माझ्या हातात. बिचारी!

*

पहिला उपक्रम कागदबचतीचा. ऑफिसात पाठकोऱ्या कागदांचे गठ्ठे धूळ खात पडलेले. मी म्हटलं, चाचणीचे पेपर ह्यांच्याच मागे सायक्लोस्टाइल करा. केले. एका बाजूला माझं अर्थशास्त्र, दुसऱ्या बाजूला गेल्या वर्षीचा मराठीचा पेपर.

निम्म्या वर्गाने मराठीचा सोडवला. सोपा होता म्हणे. एका मुलीने, उगाच काही राहायला नको म्हणून, दोन्ही बाजू सोडवल्या आणि पुरवण्यांवर पुरवण्या घेतल्या. शेवटी सगळ्यांची परीक्षा परत घ्यावी लागली, नव्या कोऱ्या कागदावर.

सरांनी विचारलं, "मग, बचत किती?"

"हिशोब चालू आहे, सर."

त्यांनी खिडकीतून चिंचेकडे बघितलं आणि पुढची फाइल ओढली.

*

मग मी सायकल दिवस काढला. त्या दिवशी स्टाफने चालत नाहीतर सायकलने यायचं. मुलं गेटवर फलक घेऊन उभी राहणार, प्रमुख म्हणून मी सगळ्यात पुढे सायकलवर आत शिरणार, असा थाट. भाड्याने सायकल घेतली. माझं स्वतःचं शिक्षण संपल्यापासून मी सायकलला हात लावला नव्हता, हे तिला दोन मिनिटांत कळलं असावं. पत्रीपुलाच्या चढावर चेन निघाली, ती काही केल्या बसेना.

शेवटी रिक्षा केली. सायकल मागच्या सीटवर, मी रिक्षावाल्याच्या शेजारी अर्धा बाहेर. रिक्षा गेटवर थांबली. मुलांनी फलक वर केलेलेच होते, तसेच ठेवले.

वनस्पतिशास्त्राच्या भोईर मॅडम तिथेच उभ्या होत्या. जवळच्याच गावच्या, बोलणं एकदम रोखठोक. त्यांनी आत वाकून सायकलकडे बघितलं आणि म्हणाल्या, "सर, हिला बरं नाही का?"

*

तिसरा उपक्रम झाडं लावण्याचा. इमारतीमागे रोपं लावली. शेजारच्या शेळ्या आत येतील म्हणून कुंपण हवं होतं. तारेचं कुंपण निसर्ग मंडळाला शोभतं का? कुंपणसुद्धा जिवंत पाहिजे, असं मी भाषणातच सांगून बसलेलो. तेव्हा जिकडेतिकडे सुबाभळीचं कौतुक चाललेलं, म्हणून चहूबाजूंनी सुबाभूळ लावली. मस्त तरारली. मग एका सकाळी शेळ्या आल्या. त्यांनी आधी कुंपण संपवलं, मग निवांत रोपांकडे वळल्या.

मी धावत भोईर मॅडमकडे गेलो. त्या म्हणाल्या, "अहो सर, सुबाभूळ शेळ्यांच्या चाऱ्यासाठीच लावतात. तुम्ही त्यांना जेवायला बोलावलंत, वर पानं वाढून ठेवलीत."

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

त्याच आठवड्यात दोन माणसं टेप घेऊन आली आणि चिंचेचा बुंधा मोजून गेली. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

*

मे महिन्यात अध्यक्ष आले. विषय एकच, स्कूटर स्टँड. दाखवायला माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं, म्हणून मी झाडांच्या उपयोगांवर भाषण तयार केलेलं. घरी बायकोपुढे तालीम केली, ती मधेच झोपली.

सरांच्या केबिनमध्ये मीटिंग सुरू झाली आणि लाइट गेली. पंखा थांबला. अध्यक्ष अंगाने भारी, शर्ट बघता बघता ओला झाला. "बाहेर बसू या रे कुठेतरी, गार असेल तिथे," ते म्हणाले. सगळ्यांनी आपापली खुर्ची उचलली. कुठे जायचं ते कोणी सांगितलं नाही, कोणी विचारलंही नाही, सगळे सरळ गेटकडे निघाले.

सरांनी प्रस्ताव वाचायला घेतला. जागेची अडचण, वाहनांची गैरसोय, सदर वृक्ष तोडणे अपरिहार्य. दुपार कलली तसं ऊन सरकत होतं, तशा आम्ही खुर्च्या सरकवत होतो. सरही वाचता वाचता सरकवत होते. मला भाषणाचा एक शब्द आठवेना. भोईर मॅडमनी मला डोळ्याने खुणावलं, गप्प बसा.

वाचून झालं. अध्यक्षांनी डोळे मिटून घेतलेले. वारा सुटलेला, छान डुलकी लागायच्या बेतात होते.

"हरकत नाही," ते म्हणाले. "एका झाडाने काय होतंय. तोडून टाका."

मी भोईर मॅडमकडे बघितलं. त्या खाली बघत होत्या.

अध्यक्षांनी डोळे उघडले. "कुठलं झाड म्हणालात?"

सर प्रस्तावाच्या कागदाने वारा घेत होते, ते थांबले. त्यांनी एकदा वर बघितलं.

"शोधावं लागेल, साहेब," ते म्हणाले, आणि खुर्ची सावलीत आणखी थोडी आत ओढून घेतली.