डावी कड

तात्या बोलताना समोरच्याकडे कधी बघायचेच नाहीत. नजर सतत बांधाच्या कडेला. ओतूरजवळच्या आमच्या वस्तीवर त्यांना सगळे ‘कडबघे तात्या’ म्हणायचे. उसात बिबटे राहू लागल्यापासून पोरं त्यांच्याच मागून शाळेला जायची. मीही गेलो, आणि पुढे माझी पुतणीसुद्धा.

उसाच्या तोंडाशी ते थांबत, काठी दोनदा आपटत, खाकरत. “मधलं कुनालाबी दिसतं. कड बघा, पोरांनो.” हे ऐकलं की मी जागीच थबकायचो. ते पुढे आहेत म्हणूनच पाय उचलायचा.

नोकरीही मला कडेचीच मिळाली. डोळ्यांवर चढवायच्या व्हीआर हेडसेटमध्ये चित्र मधे लख्ख आणि कडेला मंद दिसतं. तो उजेड सगळीकडे सारखा करणं, हे माझं पुण्यातलं काम. एका दिवाळीला हेडसेट घरी आणला. कडा तपासायला तात्यांहून चांगले डोळे कुठून आणणार?

त्यांनी तो चढवला आणि खूश झाले. “लई भारी, राव! पर डावीकडं अंधार हाय.”

मी लॅपटॉपवर डावी कड उजळवली. “अजून हाय.” आणखी उजळवली. “न्हाई भाऊ, हायेच.” तात्यांची नजर चुकेल, हे माझ्या मनातही आलं नाही. शेवटी स्वतः घालून पाहिलं, तर डावीकडच्या उजेडाने डोळे दिपले. मग डावी कड तशीच लख्ख ठेवून, मुद्दाम उजवी काळी करून हेडसेट पुन्हा त्यांना दिला.

“आता तर दोनी बाजूला अंधार झाला की!” तात्या म्हणाले. शेजारी पुतणी खदखदा हसली. मी हेडसेट त्यांच्या डोळ्यांवरून उतरवला.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला; त्यात कडेची नजर हळूहळू, नकळत जाते. गेलेली नजर परत येणार नव्हती. येताना एसटीत तात्या खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, “म्हंजी डावीकडं कोन बसलं व्हतं, मला कळलंच नसंल. आनि पोरं माझ्या मागं.” मी त्यांचा हात घट्ट धरला.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्या सकाळी त्यांनी काठी माझ्या हातात दिली आणि स्वतः पोरांच्या मागे उभे राहिले. उसाच्या तोंडाशी मी काठी आपटली. डावीकडे उसाचं वाळलेलं पाचट वाजलं. मी समोरच बघत राहिलो.

“काय दिसतंय?” मागून तात्यांनी विचारलं.

“काही नाही, तात्या.”

“बघितलंस का? न बघता सांगू नगं. मी इतकी वरसं तेच केलं.”

मी मान डावीकडे वळवली.