ड्रोनला हात केला त्याची गोष्ट

मालवाहू जहाजावर मी भंडारी आहे. भंडारी म्हणजे स्वयंपाकी. गाव मुळशीतलं भरे. आमच्या घराण्याचा पाण्याशी संबंध धरणापलीकडे कधी गेला नव्हता, मीच तेवढा समुद्रात पडलो. खलाशांना रांधून घालून डोकं कायम तापलेलं. एकाला तिखट लागतं, दुसऱ्याला तेच अळणी. गिळा की मुकाट्यानं!

घरी आई एकटी. रोज सकाळी मी काय रांधलं त्याचा फोटो तिला पाठवायचा, हे ठरलेलं. फोटो आला की पोरगं धड आहे असं समजून ती खाचराकडे जाते. नाही आला तर चुलत्याच्या ओट्यावर बसून त्याचा जीव खाते.

तांबड्या समुद्रात शिरताना कॅप्टननं बजावलं होतं, इथं युद्ध चालू आहे, आत्मघाती ड्रोन येतात, जहाजावर आदळतात आणि स्वतःसकट आपल्यालाही उडवतात. मी हो म्हटलं आणि कांदे चिरायला गेलो.

दुपारी सालं टाकायला मागच्या डेकवर आलो तर वर घरघर. आता मुळशीत वर घरघर झाली की एकतर कुणाचं तरी लग्न असतं, नाहीतर प्लॉटिंगवाला कुणाची तरी जमीन वरून बघत असतो. लग्नात शूटिंगवाला ओरडतो, "वर बघा, हात करा!" की अख्खा मांडव, जेवणाऱ्या पंगतीसकट, माना वर करून हात हलवतो. इतक्या लग्नांची सवय हो ती! मी बादली खाली ठेवली, एप्रन सारखा केला, दात काढले आणि दोन्ही हात हलवले.

कॅप्टन भोंग्यावरून किंचाळला. कुणीतरी माझी कॉलर धरून मला आत ओढलं आणि धडाम! तो ड्रोन जहाजामागं पाण्यात फुटला. आम्ही खाली इंजिनरूमशेजारच्या खोलीत पोचतोय तोवर दुसरा येऊन वर आदळला. सगळे एकमेकांच्या मांडीवर बसलेले. ज्याचा त्याचा देव कामाला लागला होता. त्यातही आमचा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, मला म्हणतो, "पाहुण्यांना तूच बोलावलंस ना? आता चहाही तूच दे." मेला! पण हसू आलं सगळ्यांना, मलाही.

वाचलो सगळे. आग विझवली. माझा भटारखाना मात्र काळाठिक्कर, पोत्यातले बटाटे जागच्या जागी भाजलेले. तेच मीठ लावून खाल्ले. त्या दिवशी पहिल्यांदाच कुणी तक्रार केली नाही.

पण अँटेना उडाली होती. फोन नाही, नेट नाही. त्यात इलेक्ट्रिशियननं सांगितलं की माझा हात हलवतानाचा व्हिडिओ त्यानं काढला होता आणि पळता पळता खलाशांच्या ग्रुपवर टाकलाही होता. अरे, जीव वाचवायचा सोडून हे धंदे? दुसऱ्या दिवशी सकाळी आईला पाठवायचा फोटो चुकला आणि माझा जीव थाऱ्यावर राहिना. ती काय समजली असेल?

संध्याकाळी मदतीला एक युद्धनौका आली. त्यांच्या फोनवरून आम्हाला पाळीपाळीनं घरी बोलू दिलं.

"आयं, मी बोलतुया."

"मुडद्या..." आई म्हणाली आणि तिनं जीभ चावली. एरवी उठता बसता मला हेच म्हणते.

"आयं, मी धडधाकट हाय."

"फिरत फिरत गावच्या ग्रुपवर आलाय तुजा इडिओ. लोकं हसत्यात. त्या मुडद्याला हात काय करतुयास, व्हऱ्हाडी आल्यावानी!"

"चुकलं गं."

"मग धडाम हुतं आन् इडिओ बंद. फुडं कायबी न्हाई. तू हाईस का न्हाईस, कायबी कळंना. एकदाच बगितला तसा. मग तू हसतुयास तितंच थांबवत हुते. फुडं जाऊच दिला न्हाई."

मला रडू फुटलं. मागून सारंग "आटप, आटप" करत होता, त्याला कचकचीत शिवी घातली.

"आता तुजा आवाज ऐकला," आई म्हणाली. "ठिव फोन. आता सगळा बगती."