माझ्या मानेतला ‘नाही’चा सांधा

मुलीच्या लग्नाच्या बैठकीला मी बसलो, तेव्हा माझ्या मानेतला ‘नाही’ म्हणायचा सांधा बंद होता.

चूक दापोडीच्या न्हाव्याची, असं मी आजही म्हणतो. (घरातले म्हणतात माझी. म्हणू द्यात!) कटिंगवर घासाघीस करून मी त्याच्याकडून मालिश फुकट काढलं. मग म्हटलं, “आता मानही मोडून दे, भावा.”

“शेठ, फुकटात एकाच बाजूची मोडतो.”

मी भडकलो. “दोन्ही बाजूंची मोड!”

त्याने हनुवटी धरली. डावीकडे कट्... उजवीकडे कडाड!

माझी पुतणी फिजिओथेरपी शिकते. तिने प्लॅस्टिकचे मणके माझ्यापुढे धरले. “काका, मानेत सात मणके. सगळ्यात वरचा म्हणजे नुसतं कडं. त्यावर डोकं टेकतं, त्या सांध्यात आपण ‘हो’ म्हणतो. दुसऱ्या मणक्याला वर खुंटी असते. तिच्याभोवती ते कडं फिरलं की ‘नाही’. तिथले अस्थिबंध, म्हणजे हाडं बांधून ठेवणारे पट्टे, ताणलेत तुमचे. ‘हो’ ठणठणीत आहे, ‘नाही’ जाम झालाय.”

“मग उलटं कर की!” मी ओरडलो. “उद्या बैठक आहे!”

महाळुंग्यात एका पत्र्याच्या शेडपासून मी धंदा उभा केला तो या ‘नाही’वर. तोंडाने नकार दिला की भांडण होतं. गप्प बसून मान हलवली की समोरचा आपोआप खाली येतो. (याच मानेने पल्लवीची दोन स्थळंही मोडली होती.) तिसरा मुलगा तिच्याच कंपनीतला, तिने स्वतः पसंत केलेला. “बाबा, हेही मोडलंत ना, तर मी लग्नच करणार नाही,” तिने बजावलं होतं.

बैठक संत तुकाराम नगरात, आमच्याच घरी. पुतणीने मानेला आधार म्हणून बांधलेला जाड पट्टा मी काढून ठेवला. समोरच्याला आपली कमजोरी कशाला दाखवा!

मुलाचे वडील नांदेडचे. बसल्या बसल्या म्हणाले, “लग्न आमच्या गावाकडं.”

सवयीने मान डावीकडे न्यायला गेलो. अशी कळ आली की डोकं धपकन पुढे!

“ठरलं!” बायको आनंदाने किंचाळली.

“आमची माणसं पाचशे.”

पुन्हा तीच सवय. पुन्हा डोकं खाली.

“ठरलं!”

तोंडाने नाही म्हणायला जबडा उघडला, तर बायकोने त्यात अख्खा पेढा कोंबला!

व्याही मात्र कासावीस झाले. माझ्याकडे झुकून म्हणाले, “अहो राव, तुम्ही दीडशे म्हणावं म्हणून मी पाचशे म्हणलो! चार दिवस तयारी करून आलो मी. थोडं तरी नाही म्हणा की!”

पेढा गिळत मी जिवाच्या आकांताने मान वळवली. डोकं खाली, आणि या वेळी डोळ्यांत पाणीसुद्धा!

व्याह्यांनीही रुमालाने डोळे पुसले. “एवढा दिलदार माणूस! जाऊ द्या, लग्न इथंच करू. दीडशेच माणसं आणतो.”

मनात धरलेलं सगळं मिळालं होतं, तेही घासाघीस न करता! माझी इतकी फसवणूक आजवर कुणी केली नव्हती. पल्लवी येऊन बिलगली, तेव्हा नीट रागावताही येईना.

पाहुणे गेल्यावर बायको पुतणीला म्हणाली, “तीस वर्षं यांची समजूत घालतेय मी! एक अस्थिबंध ताणला की काम होतं, हे आधी नाही का सांगायचंस?”

मला कडाडून विरोध करायचा होता.

मी मान डोलावली.